१८० नॅनोमीटरची थट्टा आणि नव्या टॅब्लेटची हौस

२ सप्टेंबर २०२५ रोजी नवी दिल्लीत ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेत ‘विक्रम-३२०१’ हा ३२ बिटांचा प्रोसेसर पंतप्रधानांना सादर करण्यात आला. विक्रम साराभाई अवकाश केंद्र आणि मोहालीची सेमीकंडक्टर लॅबोरेटरी यांनी तो विकसित केला आणि मोहालीतच १८० नॅनोमीटर तंत्रावर तो घडला. ३० डिसेंबर २०२४ च्या पीएसएलव्ही-सी६० उड्डाणात कक्षेत राहिलेल्या ‘पोएम-४’ मंचावर त्याची अवकाशातील चाचणीही झाली होती. बातमी समाधानाची होती. पण तिच्यामागोमाग जी थट्टा सुरू झाली ती वाचून मला बातमीपेक्षा थट्टेवरच लिहावेसे वाटू लागले. “जग ३ नॅनोमीटरवर पोहोचले आणि आपण १८० वर पेढे वाटतो आहोत,” हा तिचा सारांश. लिहिणाऱ्यांत अभियंते होते, प्राध्यापक होते, आणि भौतिकशास्त्रात पीएच.डी. केलेले माझे दोन परिचितही होते.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, १५ ऑक्टोबरला ॲपलने एम५ चिप असलेला नवा आयपॅड प्रो जाहीर केला. त्याच मंडळींच्या भिंतींवर आता वेगळाच प्रश्न झळकू लागला : “एम२ आहे, एम५ वर जावे का?” माझ्याकडेही हा प्रश्न आला, एकदा नव्हे, अनेकदा. भौतिकशास्त्रज्ञाला यातले कळत असणार असा लोकांचा समज असतो.

माझे म्हणणे असे की ही थट्टा आणि ही हौस एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत. आकडा लहान झाला म्हणजे वस्तू थोर झाली आणि आकडा मोठा राहिला म्हणजे देश मागासला, असे मानणाऱ्या मनाला कामाशी काही कर्तव्य उरत नाही. ती चिप कोणते काम करणार आहे, कोणत्या परिस्थितीत, किती वर्षे, हे विचारलेच जात नाही. आणि जो हे प्रश्न विक्रम-३२०१ बाबत विचारत नाही, तो स्वतःच्या टॅब्लेटबाबतही विचारत नाही.

प्रथम त्या नॅनोमीटरांचा हिशेब. आज बाजारात ‘३ नॅनोमीटर’ म्हणून जे विकले जाते त्यात ३ नॅनोमीटरची मोजता येण्याजोगी कोणतीही रचना नसते. शेजारशेजारच्या दोन ट्रान्झिस्टरांच्या गेटांमधील अंतर आजही कित्येक दशक नॅनोमीटर आहे. कधीकाळी हा आकडा खरोखरच एका लांबीचा निदर्शक होता. गेली काही वर्षे ते पिढीचे व्यापारी नाव झाले आहे. मोहालीच्या १८० नॅनोमीटरची गोष्ट वेगळी : त्या पिढीत नावाचा आणि मापाचा संबंध अजून तुटलेला नव्हता. म्हणजे थट्टा करणारे एका लांबीची तुलना एका विशेषनामाशी करत होते.

अवकाशयानाला १८० का चालते, किंबहुना का बरे पडते, हेही पाहू. ट्रान्झिस्टर जसजसा लहान होतो तसतसा एक बिट धरून ठेवणारा विद्युतभार घटत जातो. विश्वकिरणांतील एखादा ऊर्जावान कण चिपमधून आरपार गेला की वाटेत विद्युतभार निर्माण होतो. साठवलेला भार अल्प असेल तर तेवढ्याने शून्याचा एक होतो. घरच्या टॅब्लेटवर असे झाले तर फार तर एखादे ॲप बंद पडेल. प्रक्षेपकाच्या मार्गदर्शन संगणकात झाले तर काय होईल हे सांगायला नको. त्यातून या चिपला उणे ५५ ते अधिक १२५ अंश सेल्सिअसपर्यंत काम करायचे असते. मोहालीत १८० हेच तंत्र उपलब्ध आहे, त्यामुळे यात निवडीइतकीच अपरिहार्यताही आहे हे मी नाकारत नाही. तथापि अपरिहार्यतेतून आलेली वस्तू कामाला पुरेशी असेल तर तिला हसण्याचे कारण उरत नाही. तिचा पूर्वज, १६ बिटांचा विक्रम-१६०१, २००९ पासून आपल्या प्रक्षेपकांत काम करतो आहे.

मंगळावरचे उदाहरण याहून बोलके आहे. २०२१ साली तेथे उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीचा मुख्य संगणक आरएडी-७५० या प्रोसेसरवर चालतो. त्याचे मूळ १९९० च्या दशकातील पॉवरपीसी चिपमध्ये आहे आणि वेग २०० मेगाहर्ट्झच्या पलीकडे जात नाही. तिच्याच पोटाखाली बांधून नेलेल्या इन्जेन्युइटी या चिमुकल्या हेलिकॉप्टरात मात्र मोबाइल फोनमधला स्नॅपड्रॅगन ८०१ होता. गाडीला वर्षानुवर्षे टिकायचे होते. हेलिकॉप्टर हा केवळ प्रयोग होता, पाच उड्डाणे झाली तरी पुरे असे ठरलेले, आणि हवेत तोल सावरण्यासाठी त्याला वेगवान गणित हवे होते. (त्याने ७२ उड्डाणे केली, हा भाग निराळा.) एकाच मोहिमेत, एकाच अभियंत्यांनी, एका कामाला जुनी चिप घेतली आणि दुसऱ्याला नवी. नवेपणा हा गुण नव्हे, तसा जुनेपणाही नव्हे. काम काय, हा प्रश्न आधी.

आता टॅब्लेटकडे येतो. माझ्यासारखा संशोधक टॅब्लेटवर नेमके काय करतो? शोधनिबंध वाचतो, समासात टिपा लिहितो, गणिते हाताने मांडतो, ऑनलाइन चर्चासत्रात पडद्यावर आकृती काढून दाखवतो. मोठी गणना टॅब्लेटवर होत नाही. ती कोठेतरी दूरच्या संगणकसमूहावर होते. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे ‘परम रुद्र’ महासंगणक सुरू झाले. अशा यंत्रावर काम करायचे तर आपल्या हातातले उपकरण खिडकीपेक्षा अधिक काही नसते. पलीकडे चाललेल्या कामाला आपण चार अक्षरांचे आदेश पाठवतो आणि तिकडून चार ओळी परत येतात. या देवाणघेवाणीला एम५ लागतो असे म्हणणे म्हणजे पोस्टकार्ड टाकायला मालगाडी मागवणे होय.

जाहिरातीत म्हटले आहे की एम५ ची कृत्रिम बुद्धिमत्तेची कामगिरी एम४ च्या ‘साडेतीनपटीपर्यंत’ आहे. पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी येथे दोन शंका काढील. कोणत्या राशीचे गुणोत्तर? आणि ‘पर्यंत’ म्हणजे किती वेळा? जीन ॲमडाल या संगणकशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये मांडलेला एक साधा नियम येथे लागू पडतो. एखाद्या कामाचा जो भाग वेगवान झाला त्याचा एकूण वेळेतील वाटाच लहान असेल, तर तो भाग अनंतपट वेगवान करूनही एकूण लाभ त्या वाट्याच्या पुढे जात नाही. समजा निबंध उघडायला ४ सेकंद लागतात आणि त्यांतील साडेतीन नेटवर्कच्या प्रतीक्षेत जातात. चिप दुप्पट वेगवान केली तर वाचतो पाव सेकंद. तो पाव सेकंद वाचवायला पैसे द्यायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ‘साडेतीनपट’ हा शब्द त्या व्यवहारात कोठेही बसत नाही.

पडद्याचेही तसेच. निरोगी डोळा साधारण एक कलामिनिट इतका कोन वेगळा ओळखू शकतो. टॅब्लेट ४० सेंटिमीटरवर धरला तर हा कोन पडद्यावर ०.११६ मिलिमीटर व्यापतो. इंचाला २६४ बिंदू असलेल्या पडद्यावर एका बिंदूचा आकार ०.०९६ मिलिमीटर. म्हणजे डोळ्याची मर्यादा ओलांडून झाली आहे. आणि हा २६४ चा आकडा २०१२ च्या तिसऱ्या पिढीच्या आयपॅडपासून आजच्या आयपॅड प्रोपर्यंत तसाच आहे, कारण उत्पादकालाही ठाऊक आहे की त्यापुढे डोळ्याला काही कळणार नाही. काळा रंग अधिक गडद झाला, उजेड वाढला, हे खरे. चित्रपट पाहणाऱ्याला ते सुखावेल. पांढऱ्या पानावरची काळी समीकरणे मात्र तेरा वर्षांपूर्वीच पुरेशी स्पष्ट झाली होती.

मग नव्या टॅब्लेटने आयुष्य खरोखर बदलते असे कधी घडलेच नाही काय? घडले. आपल्याच देशात घडले, आणि त्याची आठवण आज कोणी काढत नाही.

५ ऑक्टोबर २०११ रोजी कपिल सिब्बल यांनी दिल्लीत ‘आकाश’ हा टॅब्लेट सादर केला. (अमेरिकेत त्याच तारखेला स्टीव्ह जॉब्ज यांचे निधन झाले.) सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट मेमरी, अँड्रॉइड २.२. पडदा दाबावर चालणारा होता. बोट टेकवून भागत नसे, नखाने रेटावे लागे. बॅटरी दोनतीन तासांत मान टाकी. तेरा महिन्यांनी, ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश-२’ आला : १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, दुप्पट मेमरी, अँड्रॉइड ४.०, आणि बोटाच्या हलक्या स्पर्शाला प्रतिसाद देणारा धारितेच्या तत्त्वावरचा पडदा. हे परिवर्तन सांगायला आलेखाची गरज नव्हती. दोन्ही उपकरणे शेजारी ठेवून आठ वर्षांच्या मुलाच्या हाती दिली असती तर त्याने दहा सेकंदांत निकाल दिला असता. जुना आकाश टाकून नवा घ्यावा का, या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्ध ‘होय’ असे होते.

या दुसऱ्या टप्प्याची धुरा आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्याकडे होती. इंदूरच्या गोविंदराम सेकसरिया संस्थेतून अभियंता होऊन पवईला गेलेला हा माणूस; आम्हा मध्य प्रदेशातल्या मराठी मंडळींना त्यांच्याविषयी थोडा अधिक जिव्हाळा वाटतो, तो क्षम्य मानावा. त्यांच्या चमूने यंत्राच्या बरोबरीने शिक्षकांच्या प्रशिक्षणावर आणि त्यावर चालवायच्या शैक्षणिक सॉफ्टवेअरवर भर दिला. तरीही प्रकल्प विरून गेला. सुटे भाग चीनचे आहेत काय यावर महिनोन्‌महिने रण माजले, किमतीचे आकडे वर्तमानपत्रांत नाचले, पण हे यंत्र तीन वर्षांनी कोण दुरुस्त करणार आणि त्याचे सॉफ्टवेअर कोण अद्ययावत ठेवणार, यावर तेवढा गदारोळ झाल्याचे मला तरी स्मरत नाही. स्वस्तात यंत्र वाटणे ही बातमी होते. ते चालू ठेवणे ही बातमी होत नाही. चौदा वर्षे लोटली, आपली विज्ञानवार्ता अजून तेथेच उभी आहे : कोणता टॅब्लेट आला हे प्रत्येक संकेतस्थळ सांगते, कोणता टॅब्लेट वाऱ्यावर सोडला गेला हे क्वचितच.

आणि नेमके तेथेच खरे पाणी मुरते आहे. टॅब्लेट आज झिजून मरत नाही. त्याला मारले जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये आयपॅडओएस २६ आली. २०१८ च्या ११ इंची आयपॅड प्रोला ती मिळाली. २०१९ मध्ये बाजारात आलेल्या सातव्या पिढीच्या साध्या आयपॅडला मिळाली नाही. म्हणजे एक वर्ष उशिरा आलेले उपकरण आधी बाद झाले. कारण सरळ आहे : स्वस्त आयपॅडमध्ये २०१६ ची ए१० चिप बसवलेली होती. दुकानात ‘नवा’ म्हणून घेतलेल्या त्या उपकरणाचे आयुष्य विक्रीपूर्वी तीन वर्षे आधीच मोजायला सुरुवात झाली होती. स्वस्त घेणाऱ्याला हे सांगितले कोणी? अँड्रॉइडच्या जगात अवस्था याहून बिकट. सॅमसंगने २०२४ च्या टॅब एस१० मालिकेपासून सात वर्षांच्या अपडेटची हमी दिली हे स्वागतार्ह; पण ती महाग मालिका आहे. आमच्या मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये जे पंधरा-वीस हजारांचे टॅब्लेट हातोहात खपतात त्यांच्या खोक्यावर प्रोसेसर, मेमरी, कॅमेरा यांचे आकडे ठळक असतात. अपडेट कोणत्या वर्षापर्यंत, याचा उल्लेख शोधून सापडत नाही. मग एके दिवशी बँकेचे ॲप म्हणते, “हे उपकरण आता समर्थित नाही.” पडदा शाबूत, आवाज खणखणीत, आणि यंत्र निकामी.

माझ्या परिचयातील एका संशोधक विद्यार्थिनीची गोष्ट येथे सांगणे मला आवश्यक वाटते. वडील खमरियाच्या आयुधनिर्माणीतून निवृत्त झालेले, घर मराठी, मुलगी कनिष्ठ संशोधक अधिछात्रवृत्तीवर. तिला तिच्या विभागातील एका वरिष्ठांनी ऐकवले की असल्या जुन्या टॅब्लेटवर संशोधन होत नसते. वडिलांचा मला फोन आला. “सर, तुम्ही फिजिक्सवाले. हप्त्यांवर मोठा टॅब घेऊन द्यायचा म्हणतोय. द्यावा का?” १ जानेवारी २०२३ पासून ही वृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे. ११ इंची आयपॅड प्रो ९९,९०० रुपयांपासून सुरू होतो. पेन्सिल प्रोचे ११,९०० वेगळे. बेरीज १,११,८००. घरभाडे भत्ता सोडला तर मुलीची तीन महिन्यांची पूर्ण वृत्ती, जेवणखाण, प्रवास, सगळे थांबवून. आकस्मिक खर्चाचे अनुदान सीएसआयआरच्या नियमाप्रमाणे वर्षाला २०,०००. म्हणजे त्यातून भागवायचे तर साडेपाच वर्षांहून अधिक काळाचे. यात वृत्ती वेळेवर जमा होते असे मी गृहीत धरले आहे. ज्यांनी वृत्तीची वाट पाहिली आहे त्यांना या गृहीतकाची किंमत ठाऊक आहे.

मी तिला इतकेच म्हटले, “काय अडते ते आठवडाभर लिहून काढ.” तिने प्रामाणिकपणे लिहिले. अडत होते तीन ठिकाणी. बॅटरी दुपारपर्यंत संपे. साठवण भरलेली होती, आणि तीत निम्मा भाग कौटुंबिक गटांवरच्या शुभेच्छांच्या चित्रफितींचा. तिसरे म्हणजे निबंध उघडायला वेळ लागे, तो वसतिगृहाच्या वायफायमुळे. प्रोसेसर कोठेच आडवा आला नव्हता. सुरक्षा अपडेट अजून सव्वा वर्ष मिळणार होते. बॅटरी बदलली, चित्रफिती पुसल्या, निबंध रात्री एकदम उतरवून ठेवण्याची सवय लावली. ती आता त्याच टॅब्लेटवर प्रबंधाचे दुसरे प्रकरण लिहिते आहे. सव्वा वर्षाने तिला तो बदलावा लागेल आणि त्या वेळी मी स्वतः तिला बदलायला सांगेन. बँकेचे व्यवहार अपडेट थांबलेल्या यंत्रावर करू नयेत.

त्या वरिष्ठांविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. संशोधन कशाने अडते? जबलपूरसारख्या शहरात, मोठ्या संस्थांच्या बाहेर असलेल्या विद्यार्थ्याचे संशोधन वर्षानुवर्षे अडत आले ते नियतकालिके वाचायला न मिळाल्याने. निबंधाचा सारांश दिसे आणि पुढे डॉलरातली किंमत. २०२५ च्या आरंभी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झाले : तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक शासकीय संस्था. माझ्या मते गेल्या काही वर्षांतील भारतीय विज्ञानाची ही सर्वांत परिणामकारक बातमी होय, आणि ती तीन वर्षे जुन्या टॅब्लेटवरही पूर्णपणे उघडते. वरिष्ठांनी विद्यार्थिनीला या योजनेचा पासवर्ड मिळाला का हे विचारले असते तर ते मार्गदर्शन ठरले असते. त्यांनी टॅब्लेटचे मॉडेल विचारले. आमच्या क्षेत्रात उपकरणाची श्रीमंती हे गांभीर्याचे प्रमाणपत्र मानण्याची एक खोड आहे. मार्चअखेरीस अनुदान संपवण्याच्या घाईत जे घेतले जाते त्याने ती पोसली आहे.

बॅटरीवर थोडे थांबतो, कारण आमच्या शहराला त्याचे वेगळे महत्त्व आहे. लिथियम-आयन बॅटरी दोन प्रकारे म्हातारी होते : वापराच्या आवर्तनांनी आणि नुसत्या काळाने. दोन्हीला उष्णता खतपाणी घालते. तापमान दहा अंशांनी वाढले की आतील नको त्या अभिक्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. उत्पादकाच्या कागदावर वापराचे कमाल तापमान ३५ अंश लिहिलेले असते, आयपॅडच्याही. जबलपूरचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला या ३५ अंशांचे हसू येईल. दुपारी ४२ ओलांडणे ही येथे बातमीसुद्धा नसते. १,००० आवर्तनांनंतर ८० टक्के क्षमता, ही ॲपलची संख्या सौम्य हवामान गृहीत धरते. म्हणून येथे टॅब्लेट ‘मंद झाला’, ‘जुना झाला’ ही तक्रार पुष्कळदा केवळ बॅटरीची असते. आणि नवा घेतला तरी त्याची मर्यादा तेच ३५ अंश. उन्हात उभ्या गाडीत तो विसरलात तर एम५ ची बॅटरी एम१ च्या बॅटरीइतक्याच निष्ठेने मरेल.

वीज वाचते म्हणून नवे घ्या, असाही एक युक्तिवाद होतो. ११ इंची आयपॅड प्रोची बॅटरी सुमारे ३१ वॉट-तासांची. रोज पूर्ण चार्ज केली तर वर्षाला साधारण ११ युनिट. चार्जरमधील गळती धरून १४ म्हणा. शंभर रुपयांचे वीजबिल. त्यात काय वाचवणार? उपकरणाच्या कार्बनभाराचा बहुतांश त्याच्या निर्मितीतच झालेला असतो, आणि दर नव्या खरेदीला तो पुन्हा पहिल्यापासून होतो. २०२४ च्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला. त्यातील रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रिया झालेला भाग २२.३ टक्के. शिवाय जुन्या आयपॅड प्रोची दुसऱ्या पिढीची पेन्सिल एम४ वा एम५ च्या मॉडेलवर चालत नाही. टॅब्लेट बदलला की उत्तम स्थितीतली पेन्सिलही खणात जाते.

कोणी म्हणेल, हा माणूस नव्याचा शत्रू आहे. मुळीच नाही. दिवसभर हाताने लिहिणाऱ्याला पेनाच्या टोकाचा आणि रेषेचा विलंब जाणवतो. तो जेथे कमी झाला तेथे लिहिण्याचा अनुभवच पालटला, आणि फार जुन्या उपकरणावरून तेथे जाणाऱ्याचे पैसे मी वाया गेले म्हणणार नाही. चित्रकार, चलच्चित्राचे संपादन करणारा, दृष्टी अधू असल्याने मोठा आणि उजळ पडदा हवा असणारा, यांचे हिशेब निराळे. फुगलेली बॅटरी असलेला टॅब्लेट तर आजच बाजूला ठेवावा, त्यात अर्थशास्त्र नको. माझा आक्षेप त्या प्रश्नाच्या मांडणीला आहे, ज्यात ‘नवा जुन्यापेक्षा चांगला आहे का’ एवढेच विचारले जाते. नवा चांगला असणारच. आपल्या कामाला जुना अपुरा पडला आहे का, आणि कोठे, याचे उत्तर जाहिरात देऊ शकत नाही.

जबलपूरने एकेकाळी जोंगा नावाची गाडी बनवली. नावच मुळी ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांचे. तिचे उत्पादन थांबून पाव शतक उलटले, तरी सैन्यातून निवृत्त झालेल्या जोंगा कोठे कोठे अद्याप धावतात, कारण मिस्त्रीला तिचे पोट उघडता येते आणि आतले काय ते कळते. टॅब्लेटचे पोट गोंदाने चिकटवलेले असते. तो गोंद निसर्गनियम नाही. तो निर्णय आहे, आणि निर्णय कायद्याने बदलता येतात.

युरोपीय संघाने बदलला. २० जून २०२५ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या फोन आणि टॅब्लेटना नियम लागू झाले : शेवटचा नग बाजारात येईल तेव्हापासून किमान पाच वर्षे अपडेट, विक्री थांबल्यावर सात वर्षे सुटे भाग, आणि ८०० आवर्तनांनंतर ८० टक्के क्षमता टिकवणारी बॅटरी. आपल्याकडे २०२२ चे ई-कचरा नियम आहेत, पण ते वस्तू कचरा झाल्यानंतर जागे होतात. ‘दुरुस्तीचा अधिकार’ हे पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाले. दुरुस्तीयोग्यता निर्देशांकावरील समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाकडे गेला. त्यात फोन आणि टॅब्लेट यांना अग्रक्रम आहे, आणि सॉफ्टवेअर अपडेट हा एक निकषही आहे. चांगले आहे. पण गुण कंपन्यांनी स्वतःच जाहीर करायचे आहेत, आणि निर्देशांकातील पाचापैकी साडेतीन असल्या गुणांनी खमरियाच्या त्या वडिलांना काहीही कळणार नाही.

त्यांना एक तारीख हवी आहे. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार खोक्यावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते, निर्मितीचा महिना आणि वर्षही. हे नियम त्याच ग्राहक व्यवहार विभागाच्या अखत्यारीत आहेत. त्यांत एक ओळ वाढवावी : ‘सुरक्षा अपडेट अमुक महिना, अमुक वर्षापर्यंत’. औषधाच्या पट्टीवर असते तशी, किमतीच्या शेजारी, तेवढ्याच आकाराच्या अक्षरांत. संसदेत नवा कायदा आणण्याचीही यासाठी गरज नाही, नियमांत दुरुस्ती पुरे. एवढी ओळ असती तर २०१९ चा स्वस्त आयपॅड घेणाऱ्याने दुकानातच दोन मॉडेलांचा भागाकार केला असता, दर वर्षाला किती रुपये.

कंपन्या म्हणतील की इतक्या आधी अशी तारीख देणे शक्य नसते. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून फोनसाठी, आणि सिम चालणाऱ्या टॅब्लेटसाठीही, किमान सुरक्षा कालावधी जाहीर करणे सक्तीचे आहे. त्या कायद्यापायीच ॲपलने आयफोन १५ प्रो मॅक्सबाबत ‘किमान पाच वर्षे’ असे लेखी दिले. तोच फोन, तेच सॉफ्टवेअर, जयंती कॉम्प्लेक्समध्येही विकले जाते. तेथील खोक्यावर ती ओळ छापायला शाईखेरीज काही लागत नाही.